ऊर्जामंत्री साहेब, पॅनल मोजून झाले असतील तर जरा डीपीकडं बघा

मा. ऊर्जामंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

तुमच्या खात्याचा व्याप मोठा आहे, हे माहीत असूनही लिहितोय. आमच्या शिवारातला डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, मागच्या आठवड्यात जळाला. गहू ओंबीत आलाय, हरभऱ्याचं शेवटचं पाणी राहिलंय, विहिरीत पाणी दिसतंय पण ते वर काढायला काही नाही. ग्रामीण भागात ट्रान्सफॉर्मर 48 तासांत बदलून द्यायचा असा वीज नियामक आयोगाचा नियम आहे, तो आम्ही वीज कार्यालयाला फोनवर वाचून दाखवला, तर पलीकडून उत्तर आलं की मग आयोगाकडनंच आणा डीपी.

आणायचा म्हटलं तरी ट्रॅक्टर आमचा, डिझेल आमचं, उतरवायला पोरं आमची, अन् वरनं घरटी वर्गणी. त्याच्याही आधी थकबाकी भरा म्हणतात. अहो साहेब, 2024 ला सरकारनंच साडेसात हॉर्सपॉवरपर्यंत मोफत वीज जाहीर केली ना, मग थकबाकी कशाची, तर म्हणे जुनी. जुनी थकबाकी बरोबर ध्यानात राहते, जुनी तार कुणाच्या ध्यानात राहत नाही. आमच्या डीपीवर फ्यूजच्या जागी तारेचे वेढे मारलेत, डिओ, म्हणजे वरच्या लाइनचा फ्यूज, काठीनं ढकलून बसवायचा, अन् जेवढ्या मोटरांसाठी तो बसवला त्याच्या दुप्पट मोटरा त्याच्यावर चालतात. जळणार नाही तर काय होणार?

आता सोलरचं सांगतो, कारण तुम्ही लगेच म्हणाल सोलर घ्या. घेतलंय साहेब. सूर्यघर योजनेतनं घरावर 3 किलोवॅट बसवलं, 78 हजार सबसिडी मिळाली, ती खरंच मिळाली, खोटं कशाला बोलू. बाकीचं बँकेचं लोन. बसवताना कुणी सांगितलं नाही की लाइट गेली की हे सोलरही बंद पडतं. डोक्यावर ऊन रणरणतंय, पॅनल तापलेत, अन् खाली माय पदरानं वारा घेत बसलेली. इन्व्हर्टरला समोरनं लाइन लागते, लाइन नसली की तो थांबतो, आणि ते बरोबरच आहे, खांबावर चढलेल्या वायरमनला आमच्या घरातनं उलटा करंट बसला तर त्याचा जीव जाईल. बरं लाइन असली तरी व्होल्टेज कधी दीडशे, कधी अडीचशेच्या वर, दोन्हीला तो ट्रिप होतो. त्या वेळात बनली असती ती वीज कुणाच्याच हिशोबात नाही, ना तुमच्या ना माझ्या.

तेच मोठ्या प्रकल्पाचं. सौर कृषी वाहिनी योजना आली 2017 ला, 2023 ला तिचं 2.0 आलं, मिशन 2025 म्हणून 2025 पर्यंत किमान 30 टक्के कृषी फिडर, म्हणजे सबस्टेशनातनं शेतीकडं जाणाऱ्या लाइनी, सोलरवर, दिवसा लाइट, पुढं 16 हजार मेगावॅट. भाषणं आम्ही बसून ऐकली. शेजारच्या सबस्टेशनजवळ पॅनल लागले, नारळ फुटला, फोटो निघाले. पण त्या पॅनलची वीज येणार कुठनं? त्याच 11 केव्हीच्या झोळ पडलेल्या लाइनवरनं! वारं सुटलं की तारा एकमेकीला लागतात, फिडर ट्रिप होतो, अन् फिडर बंद म्हटल्यावर तिकडचे पॅनल नुसते उन्हात पडून. बैलगाडीच्या वाटेवर ट्रॅव्हल्स सोडायचा प्रकार आहे हा. आमची मोटरची थ्री फेज लाइट अजूनही अर्धे दिवस रात्रीचीच. 2020 ला आमच्याच बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली तेव्हा दिवसा लाइट द्या म्हणून केवढा गलका झाला होता, बिबट्याचं निभावलं की सगळे विसरले. साप चावून मेलेल्याची तर बातमीही होत नाही.

अन् आमच्याकडं वीज नाही असं थोडंच आहे. परळीचं थर्मल 1971 पासनं आमच्या उरावर राख टाकतंय. 2015 ला पाण्यावाचून ते बंद ठेवावं लागलं, पुढच्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आणलं. कोळशाला पाणी लागतं, सोलर-पवनचक्कीला जवळपास लागत नाही, म्हणजे ही नवी वीज कुणाच्या सोयीची असायला पाहिजे तर आमच्या. आम्ही तिच्या विरोधात नाहीच. परळीजवळ 765 केव्हीचं सबस्टेशन आहे, टॉवर आमच्या रानातनं गेलेत, त्यांच्याखाली उभं राहिलं की तारांचा घूं घूं आवाज ऐकू येतो, अन् तिथंच उभ्या माणसाची मोटर बंद. वीज डोक्यावरनं मुंबई-पुण्याकडं जाते, खाली उतरायला तिला वाट नाही.

सुधारणेच्या नावाखाली आलं काय, तर स्मार्ट मीटर. केंद्राची वितरण सुधारणेची 3 लाख कोटींची योजना 2021 ला आली, तिच्यात मीटरही होते अन् तारा, डीपी, फिडर वेगळे करणंही होतं. मीटरवाले दारात आधी आले, तारवाल्यांची अजून वाट बघतोय. मोजायचं यंत्र चकाचक, मोजायला आत काही नाही.

हे फक्त वीज खात्याचं दुखणं नाही म्हणा. 1984 ला दांडेकर समितीनं मराठवाडा विकासात किती मागं राहिला तो अनुशेष मोजला, नंतर तो भरायला विकास मंडळ दिलं, 2020 ला त्या मंडळाची मुदत संपली. 2023 च्या सप्टेंबरात संभाजीनगरला मंत्रिमंडळ आलं, हजारो कोटींचं पॅकेज सांगून गेलं. तुम्ही लोक मराठवाड्यात आलात की त्या दिवशी लाइट जात नाही, हे एक मात्र दरवेळी पक्कं असतं. म्हणजे करता येतं की!

मागणं लई नाही. आमचा डीपी द्या, अन् लोड बघून द्या, तोच 63 केव्हीएचा छोटा परत आणून लटकवू नका. जिथं सोलर प्रकल्प झाला तिथली 11 केव्हीची लाइन आधी बदला. सूर्य मावळल्यावर काय, त्यासाठी सबस्टेशनला बॅटरी बसवायचं बघा, 2030 पर्यंत देशात 500 गीगावॅट बिगरकोळशाच्या विजेचं भाषण संध्याकाळी सातला कामी येत नाही. अन् फिडर किती तास बंद होता ते दर महिन्याला सबस्टेशनच्या भिंतीवर लिहा, खडूनं लिहिलं तरी चालेल.

आपला,
एक वीजग्राहक
ता. केज, जि. बीड

ता.क. सोलरच्या लोनचा हप्ता दर महिन्याला बरोबर कटतो. लाइन बंद असल्यामुळं जेवढी वीज बुडाली त्याचा दाखला बँकेला द्यायचा आहे, तो कोणत्या टेबलावर मिळतो तेवढं कळवा.