आप्पा, इकडे छाटणीची काडी बांधावर पेटवून देत नाहीत

ती. आप्पा आणि आई, सा. न.

परवा फोन केला तेव्हा मागे क्रेट आपटल्याचा आवाज येत होता, तोडणीच्या गडबडीत तुम्हाला जास्त अडवलं नाही, आता सगळं लिहूनच पाठवते, रात्री निवांत वाचा. शनिवार-रविवार बिल्बाओहून इथल्या, म्हणजे स्पेनमधल्याच, रिओहा भागात जाऊन आले, ऑफिसातल्या मैत्रिणीच्या माहेरी, आरो म्हणून वाईनचं जुनं गाव आहे त्याच्या जवळच. तुमच्याकडे दिंडोरीत द्राक्षांची तोडणी आणि इथे भर थंडीत छाटणी, ती पण वर्षातून एकदाच, खरड आणि गोड असं दोनदा नाही.

पहिल्यांदा तर मला ती द्राक्षबाग वाटलीच नाही. आता तारेवरच्या बागाही आहेत पण त्यांची जुनी बाग म्हणजे मांडव नाही, अँगल नाही, गुडघ्याएवढं काळं जाड खोड आणि वर चार-पाच फांद्या पेल्यासारख्या उघडलेल्या, नावही तेच, बासो म्हणजे पेला. वाण टेम्प्रानियो, काळी द्राक्षं, लवकर पिकतात म्हणून ते नाव. आणि उत्पन्न ऐका आप्पा, लाल वाईनच्या द्राक्षाला हेक्टरी ६,५०० किलोची मर्यादा आहे, म्हणजे एकरी २६ क्विंटल! आपल्याकडे एकरी दहा टन निघाले नाहीत तर घरात दोन दिवस कोणी धड जेवत नाही. ज्यावर वेलीचं कलम करतात तो मुळाकडचा खुंट मात्र अमेरिकन, आपल्या डॉगरीज खुंटासारखाच बाहेरून आलेला. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सच्या बागा मुळापासून खाल्ल्या, तेव्हा बोर्दोचे व्यापारी वाईन शोधत इथे आले, आरोच्या रेल्वे स्टेशनला लागून मोठमोठे वाईनचे कारखाने उभे राहिले, लोपेस दे एरेदिया १८७७ चा, कूने १८७९ चा, दोन्ही अजून चालू आहेत. १८९० मध्ये तर आरोच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले होते. पुढे ती कीड इथेही आलीच आणि सगळ्यांना अमेरिकन खुंटावर कलमं करावी लागली.

पण मला सांगायचं होतं ते जेवणाचं. टेकडीच्या पोटात कोरलेलं त्यांचं तळघर आहे, आधी तिथे वाईन करायचे, आता सुट्टीला सगळं घर तिथे जेवायला जमतं. दाराशी छाटलेल्या काडीच्या मोळ्या रचलेल्या. मैत्रिणीच्या वडलांनी दोन मोळ्या पेटवल्या, काडी भडाभडा जळली आणि जरा वेळात बारीक लालभडक निखारा राहिला, धूर जवळजवळ नाहीच. त्यावर जाळी ठेवून कोकराच्या छोट्या छोट्या चापा, मसाला काही नाही, फक्त जाड मीठ. चरबी निखाऱ्यावर पडून चुरचुर वाजत होती आणि तो वास आला ना, एप्रिलच्या छाटणीनंतर तुम्ही बांधावर काडी पेटवता त्याचाच वास, मला एकदम भरून आलं.

आई, तू माळकरी, तुझ्यासाठी म्हणून बटाट्याचा रस्सा शिकून आले. ते त्यात चोरिसो म्हणजे लाल मिरचीचं डुकराचं सॉसेज घालतात, तू ते वगळ. कांदा, लसूण, तमालपत्र आणि भिजवलेल्या सुक्या लाल मिरचीचा गर, ही मिरची तिखट नसते. खरी गंमत बटाट्यात आहे, सुरी अर्धीच घालायची आणि मनगट फिरवून तुकडा कट्कन मोडायचा, त्याने पिठूळपणा सुटतो आणि रस्सा आपोआप दाट होतो.

आणि आप्पा, वाईन मी घेतली, तुमच्यापासून लपवणार नाही. क्रियान्सा, म्हणजे दोन वर्षं मुरवलेली, त्यातलं निदान एक वर्ष ओकच्या पिंपात. घरातले काचेच्या नळीच्या भांड्यातून वरून धार धरून पितात, तोंड न लावता, आजी तांब्यातून पाणी प्यायची अगदी तसं, मला पहिल्याच वेळी जमलं तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रविवारी लोग्रोन्योच्या लाउरेल गल्लीत पण गेलो, अरुंद गल्ली, नुसते बारच बार, एकेका ठिकाणी एकच पदार्थ, उभ्याने खायचा आणि पुढच्या दारात जायचं, लसणात परतलेले मशरूम मला फार आवडले.

पण माझं मन त्या तळघरातच अडकलंय. आपण इतकी वर्षं द्राक्षं पिकवली, पण बागेच्या नावाने कधी सगळे मिळून जेवायला बसलो का? माल गाडीत भरला की आपलं लक्ष फक्त पैसे कधी येतात याकडे, आणि ज्या साली व्यापारी पैसे बुडवून गेला त्या साली तर तुम्ही मार्चभर बागेकडे बघितलंसुद्धा नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं आप्पा.

मी मे महिन्यात येतेय. तोवर घरामागच्या मांडवाची काडी जाळू नका, तिच्यावर फवारा नसतो, मोळ्या बांधून पडवीत वाळत ठेवा. अर्ध्या निखाऱ्यावर मटण आणि अर्ध्यावर आईची भरताची वांगी, जाळी मी इथून आणते.

तुमची,
ताई