कोईंब्रा म्हणजे फक्त वटवाघळे नव्हेत

मा. संपादक,

स. न. गेल्या रविवारच्या पुरवणीत पोर्तुगालच्या कोईंब्रा विद्यापीठावरचा प्रवासलेख वाचला. ग्रंथालयातल्या वटवाघळांवर अर्धे पान खर्ची पडले आहे. वटवाघळे खरीच आहेत, रात्री ती पुस्तकांतले किडे खातात आणि त्यांची घाण पडू नये म्हणून संध्याकाळी टेबलांवर चामडे अंथरतात. मीही ते मान वर करून पाहून आलो. पण गोव्यातल्या वर्तमानपत्राने कोईंब्रावर लिहावे आणि तिथल्या कायद्याच्या फॅकल्टीचा उल्लेखही नसावा, हे मला खटकले.

मी एकतीस वर्षे नोंदणी खात्यात कारकुनी केली. लग्नाची पहिली सही, दुसरी सही, वडील वारल्यावरची इनव्हेंटरी म्हणजे मालमत्तेची यादी नि वाटणी, यांत माझे आयुष्य गेले. हे सारे ज्यावर उभे आहे ती १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता. तिची अडीच हजारांहून अधिक कलमे मुळात लिहिली आंतोनिओ लुईश द सियाब्रा यांनी. ते कोईंब्रातच कायदा शिकले, आणि संहिता मंजूर झाली तेव्हा त्याच विद्यापीठाचे रेक्टर होते. मसुदा तपासणाऱ्या मंडळातही तिथले प्राध्यापक होते. गोव्यात ती १८७० पासून लागू झाली. पोर्तुगालने १९६६ साली नवी संहिता केली, आपण मात्र जुनीच धरून बसलो. वारशाचा भाग आता गोव्याच्या २०१२ च्या कायद्यात गेला आहे, तरी गाभा तोच. अर्धी मालमत्ता बायकोची, आणि मुलीचा वाटा मुलाएवढाच. माझ्या वडिलांचे भाट म्हणजे माडांची बाग विकायची ठरली तेव्हा दोन्ही बहिणींच्याच नव्हे, तर भावोजींच्याही सह्या लागल्या. थोरले भावोजी रुसले होते. त्या एका सहीसाठी मी काणकोणला चार खेपा घातल्या. तेव्हा सियाब्रासाहेबांना मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या, पण माझ्या मुलीचा विचार केला की तो माणूस बरा वाटतो.

पुतण्या लिस्बनला असतो. मागच्या वर्षी त्याच्याकडे गेलो असता हट्टाने कोईंब्राला गेलो. टेकडीवरच्या पायऱ्या चढताना गुडघे बोलू लागले. वर जुन्या राजवाड्याचे मोठे अंगण आहे, एका कोपऱ्यात घड्याळाचा मनोरा. त्यातल्या घंटेला विद्यार्थी ‘काब्रा’ म्हणजे शेळी म्हणतात. तिकीट दाखवणाऱ्या मुलीला विचारले, कायद्याची फॅकल्टी कुठे? तिने त्याच अंगणातले एक दार दाखवले. साहित्य, वैद्यक, विज्ञान यांच्या दगडी इमारती बाहेरच्या बाजूला आहेत. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळात जुनी घरे पाडून, माणसे हलवून त्या बांधल्या. कायदा मात्र राजवाड्यातच राहिला.

सालाझार स्वतः याच कायद्याच्या फॅकल्टीत अर्थशास्त्र शिकवत असे. १९२८ साली तो अर्थमंत्री झाला. त्याच सुमारास मडगावचा आदेओदातो बार्रेतो तिथे कायदा शिकत होता. त्याने तेलो द माश्कारेन्यश आणि इतर गोंयकार विद्यार्थ्यांबरोबर त्याच वर्षी कोईंब्रातून ‘इंदिया नोव्हा’ हे पत्र काढले. नाव पाहा: नवा भारत! बार्रेतो १९३७ साली तरुणपणीच गेला. तेलो गोवामुक्तीसाठी लढला आणि पोर्तुगालच्या तुरुंगात पडला. त्याची सुटका १९७० साली झाली, गोवा मुक्त होऊन आठ वर्षे उलटल्यावर. वटवाघळांच्या शेजारी याला चार ओळी मिळायला हरकत नव्हती.

आता चुकांचे. ‘१२९० पासून कोईंब्रात’ असे लेखात म्हटले आहे. १२९० साली राजा दिनिशने विद्यापीठ स्थापले ते लिस्बनमध्ये. १३०८ ला ते कोईंब्राला गेले, मग पुन्हा लिस्बन, पुन्हा कोईंब्रा, पुन्हा लिस्बन, असे आट्यापाट्या खेळत १५३७ साली कायमचे कोईंब्रात स्थिरावले. ‘आरंभापासून धर्मशास्त्राचे पीठ’ हेही चूक. पोपने सुरुवातीला कला, चर्चचा कायदा, नागरी कायदा आणि वैद्यक एवढ्यांनाच मान्यता दिली, धर्मशास्त्र मठांकडे राहिले. ते नंतर आले, आणि प्रजासत्ताकाने १९११ साली ते बंद करून त्या जागी साहित्याची फॅकल्टी काढली. गणिताची वेगळी फॅकल्टी १७७२ ची, राजाचा मंत्री मार्केस पोंबाल याने केलेली. जेझुइटांना हाकलणारा तो हाच, गोव्यातूनही.

आणि छायाचित्राखाली ‘संस्थापक राजा दिनिश’ असे छापले आहे. अंगणातला तो पुतळा दिनिशचा नव्हे. विद्यापीठ १५३७ साली कोईंब्राला आणणाऱ्या तिसऱ्या जुआंवचा आहे. एवढी दुरुस्ती तरी छापावी.

आपला,
एक निवृत्त कारकून, फोंडा