ऑपरेशननंतरचं च्युइंग गम : कधी, किती, कुणाला नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोटाच्या ऑपरेशननंतर च्युइंग गम चघळलं की आतडी लवकर सुरू होतात, हा सल्ला हल्ली मोबाइलवरून घरोघरी पोचला आहे. सल्ला खोटा नाही. पण आपल्या इंदूरच्या वॉर्डांत नातेवाईक तो आपापल्या परीने अमलात आणतात. कुणी साखरेचं बबलगम देतं, कुणी सौंफ, कुणी चक्क सुपारी. म्हणून हे पत्र.

ऑपरेशनमध्ये आतडी हाताळली गेली की काही काळ ती हालचालच करत नाहीत. भूल आणि मॉर्फिन, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं त्यांना आणखी मंदावतात. लहान आतडं साधारण दिवसभरात, जठर एक-दोन दिवसांत आणि मोठं आतडं दोन-तीन दिवसांत ताळ्यावर येतं. चघळताना जेवण सुरू झाल्याचा निरोप व्हेगस नर्व्हमार्फत (मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी नस) खाली जातो. लाळ आणि पाचकरस सुटतात, आतड्यांना चालना मिळते आणि पोटात घास तर जात नाही.

२००२ मध्ये जपानात मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर अवघ्या १९ रुग्णांवर हे पाहिलं गेलं. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात (जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणारा अभ्यास) ८१ चाचण्या आणि ९ हजारांवर रुग्ण होते: वारा सरासरी १० तास आधी सरला, शौचास जवळजवळ १३ तास आधी झालं. मात्र यातल्या बऱ्याच चाचण्या कच्च्या होत्या. २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या २ हजार रुग्णांच्या चाचणीत तर फरकच दिसला नाही. जिथे रुग्णाला लवकर चालवतात आणि लवकर खायला देतात, तिथे गमने फारसं काही वाढत नाही. सिझेरियननंतर मात्र त्याचा उपयोग बऱ्यापैकी दिसतो.

द्यायचंच तर आधी सर्जनना विचारून, पेशंट पूर्ण शुद्धीवर असताना, पाठीमागे उशा लावून बसवून. साखर नसलेलं, सॉर्बिटॉल किंवा झायलिटॉलचं एक गम, १५ ते ३० मिनिटं, दिवसातून तीनदा. जास्त दिलं तर हेच सॉर्बिटॉल पोटात वायू धरतं, जुलाबही होतात. सैल कवळी आधी काढायची. नातेवाइकाने कागद हातात धरून समोर बसावं आणि गम त्याच कागदात परत घ्यावं. गुंगीत डोळा लागला आणि गम तोंडातच राहिलं, तर ते श्वासनलिकेत जायची भीती. गिळायला त्रास होणाऱ्यांना आणि लहान मुलांना नकोच. सुपारी-गुटख्याचं तर नावच काढू नका.

पोट फुगून कडक झालं, हिरवी उलटी झाली, उचक्या थांबेनात, ताप आला किंवा नाडी पळू लागली, तर गम पुढे करत बसू नये, सिस्टरना ताबडतोब हाक मारावी. आतड्याची टाकेजोड गळत असेल, आतड्यात अडथळा असेल किंवा रक्तातलं पोटॅशियम उतरलं असेल, तर चघळून काय होणार?

आणखी एक. राउंडला ‘गैस पास हुई?’ असं विचारलं की आपल्याकडच्या आजी लाजून ‘हां’ म्हणून मोकळ्या होतात. अजूनही पुष्कळ वॉर्डांत याच उत्तरावर पेज सुरू करायची की नाही ते ठरतं. तेव्हा नसेल झाली तर नाही म्हणा, झाली असेल तर किती वाजता तेही सांगा.

शहरातल्या रुग्णालयांना विनंती, की ऑपरेशनपूर्व सूचनांच्या कागदावर एवढी एक ओळ छापावी: गम द्यायचं की नाही, द्यायचं तर कधीपासून.

आपली,
सर्जिकल वॉर्डातली एक परिचारिका, इंदूर