जवारी लागेपर्यंत

मिरज, रविवार

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

आपल्या सतारमेकरांचा फोटो मासिकासाठी तूच काढणार, हे ऐकल्यापासून मन थाऱ्यावर नाही. फोनवर सगळं सांगून झालं नाही म्हणून लिहितो.

माझ्या स्टुडिओत एकदा सांगलीच्या मार्केट यार्डातले एक वयस्क हमाल आले होते. मी त्यांना खुर्चीत बसवलं, पटका सरळ केला, हळदीनं पिवळा झालेला टॉवेल खांद्यावरून काढायला लावला, हनुवटी वर घ्या म्हणालो. फोटो न्यायला त्यांचा मुलगा आला. बराच वेळ बघत राहिला. "फोटो झ्याक आलाय, पर ह्यात आबा न्हाईत." पैसे देऊन गेला. आबा त्या टॉवेलात होते गं, आणि तो मीच खुंटीला अडकवला होता. अजून सलतं.

१९४६ साली अमेरिकन छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट गांधीजींचा फोटो काढायला गेली, तेव्हा तिला आधी चरखा शिकायला सांगितलं गेलं. तो फोटो पुन्हा बघ. गांधीजी सूत कातत नाहीत, खाली मान घालून कात्रणं वाचताहेत. चरखा पुढं, मोठा, माणूस मागं. तरी नजर त्यांच्यावरच जाते.

सतारमेकर गल्लीत तूही आधी थोडं शीक. २०२४ साली मिरजेच्या सतारीला, तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा बरेच फोटोवाले येऊन गेले. मागं टांगलेले भोपळे, मांडीवर सतार, ओठांवर हसू. आपले सतारमेकर वादक नव्हेत, कारागीर आहेत. त्यांना वाजवायला बसवू नकोस. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेच्या सुरातला तो गुंजारव, काढतील तेव्हा जा. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर कानस हलकेच फिरते, मग तार छेडतात, तारेखालचं सूत केसभर सरकवतात, पुन्हा छेडतात. मान कलते. डोळे उघडे असतात, पण कशावरच नसतात. त्या वेळी त्यांना चेहरा सांभाळायला सवड नसते. तोच फोटो.

कॅमेऱ्याचा आवाज मात्र बंद ठेव. खट्ट झालं की त्यांना तार पुन्हा छेडावी लागेल, आणि मग ते तुझ्याकडे बघायला लागतील.

फ्लॅश नको, दाराचा उजेड पुरतो. जमिनीवर, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला बस. ८५ मिमीची लेन्स चेहऱ्याला चांगली, पण कान आणि घोडी एकाच चौकटीत हवी असतील तर जास्त रुंद दिसणारी ३५ मिमीची जवळ असू दे. संपादकांना शीर्षकासाठी वर मोकळी जागा लागते, तसेही दोन-चार काढ. पण शेवटी. आणि त्यांच्या अंगावरचा लाकडाचा भुसा झटकू देऊ नकोस.

सावलीची बाजू फार काळी पडली तर तिकडं उजेड परतवायला पांढरा पंचा धुऊन ठेवलाय. धरायला मी येईन, बोलणार नाही.

तुझा,
बाबा