हार फुलांचा, दोरा नायलॉनचा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

३१ मेला आमच्या गल्लीत अहिल्यादेवींची जयंती झाली, पाहुणे आले, दिवा लावला, भाषणं झाली आणि तसबिरीला हार घातला तो चक्क प्लॅस्टिकचा! लांबून शेवंती वाटली, जवळ जाऊन बघते तर पाकळ्यांवर धूळ. विचारलं तर म्हणे काकू, मागच्या वर्षीचाच आहे, धुऊन वापरतो. आता काय बोलणार? ज्या बाईच्या चित्रात हातावर पिंड असते तिला निदान दोन बेलाची पानं तरी वाहायची होती.

बरं खऱ्या फुलांचा आणला तरी ओवलेला नायलॉनमध्ये, मध्ये मध्ये चमकीच्या पट्ट्या, खाली थर्माकोलचा गोंडा. आपलं इंदूर सहा प्रकारचा कचरा वेगळा करतं, देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून गॅस करायचा रोज ५५० टनांचा प्लांट आहे, आणि आपण निर्माल्य म्हणून हे सगळं सरळ ओल्यात टाकतो. मी हल्ली कात्री घेऊन बसते, दोरा कापून फुलं काढून घेते, घरचे हसतात, हसू देत.

फुलवालीशी बोलले (इथे झेंडू म्हणून भागत नाही, गेंदाच म्हणावं लागतं), तिचं म्हणणं सुती दोरा ओल्या हाराच्या वजनाने तुटतो नि गिऱ्हाईक मलाच बोलतं. तिचंही खरंच आहे. केळीच्या खोडाच्या सालीच्या दोऱ्यात गाठी मारत हार बांधायचे ते आता कोण करतंय!

पुष्पचक्राचं तर विचारूच नका. मूळ कल्पना तिकडची, ग्रीसमध्ये ऑलिम्पिक जिंकणाऱ्याच्या डोक्यावर ऑलिव्हची फांदी गोल वाकवून घालायचे, बस, एवढंच, सुकली की मातीत. आपण हुतात्म्यांना पुष्पचक्र वाहतो, वाहायलाच हवं, पण फुलं खोचायला तो हिरवा स्पंज घालतात ना तो कुजत नाही, त्याचा नुसता भुगा होतो. त्यापेक्षा गवताची नाहीतर काथ्याची मोठी चुंबळ करा की, त्यात फुलं मस्त बसतात. चुंबळ वळायला आपल्या बायकांना कुणी शिकवायला हवं का?

आता अहिल्यादेवींच्या पुण्यतिथीची पालखी येईल. आम्ही पाच-सहा जणींनी हार घरीच ओवायचं ठरवलंय, जाड सुती दोरा, तोही दुहेरी, म्हणजे तुटायची भीती नाही. फुलं मात्र कुणीतरी मंडईतून पहाटे आणून द्या.

एक वाचक, इंदूर