मंगल, तू तुझ्यासाठी जा

ॲक्रन, ओहायो

प्रिय मंगल,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. सुरेशरावांची दारू पुन्हा सुरू झाली, सासूबाई म्हणतात माळ घातली की सुटेल, आणि जाहिरातीतली ती पावडर न सांगता भाजीत कालवावी का, असं तू विचारतेस. पावडर अजिबात देऊ नकोस. तिच्यात काय असतं ते आपल्याला कळत नाही. दारू सोडवायला डॉक्टर जी गोळी देतात, तिच्यावर दारू प्यायली तर जिवावर बेतू शकतं. म्हणूनच ती माणसाला सांगून, त्याच्या संमतीने देतात. आणि रोज भरपूर पिणाऱ्याची एकदम बंद करणंही धोक्याचं. पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, फिट येऊ शकते, नको नको ते दिसू लागतं. थांबायचं ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

आता तुझ्याबद्दल. ह्यांना विचारूनच लिहितेय. हे ए.ए.च्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, मीटिंगला जातात ते तुला ठाऊक आहे. पण मीही एका मीटिंगला जाते. तिला ॲल-ॲनॉन म्हणतात, पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असते. फोनवर घाईघाईत सांगण्यासारखं हे नव्हतं.

आमची मीटिंग चर्चच्या तळघरात भरते, पण धर्माशी तिचा संबंध नाही. भाड्याची जागा, घडीच्या लोखंडी खुर्च्या, कोपऱ्यात कॉफीचं मोठं भांडं. नुसतं पहिलं नाव सांगायचं, आडनाव कुणी विचारत नाही. फी नाही, टोपली फिरते, तीत जमेल तेवढं टाकायचं, नाही टाकलं तरी चालतं. एक जण बोलतो तेव्हा बाकीचे ऐकतात. मध्ये तोंड घालायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. टिश्यूचा डबा मात्र न मागता हातोहात पुढे सरकत येतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा नाव सांगून गप्प बसले, आणि कुणी बोलायचा आग्रह केला नाही. आपल्याकडे दुःख सांगितलं की लगेच चार उपाय हातात पडतात. इथे कुणी काही सुचवत नाही, म्हणून मन मोकळं होतं. तिथे कोण काय बोललं ते तुलाही लिहिणार नाही, तो नियम मी पाळते.

हे सगळं ज्या गावात सुरू झालं त्याच गावात आम्ही राहतो, याचं मला फार वाटतं. 1935 साली बिल नावाचा न्यूयॉर्कचा माणूस कामासाठी इथे आला होता. काम फिसकटलं, पिण्याची ओढ लागली, तेव्हा हॉटेलच्या लॉबीतून तो फोन फिरवत बसला. दारू सोडू पाहणारा दुसरा कुणी बोलायला मिळतो का बघत. त्यातून त्याची डॉक्टर बॉबशी गाठ पडली. पंधरा मिनिटंच बसेन असं म्हणून आलेले डॉक्टर कित्येक तास बसले. 10 जून 1935 नंतर ते कधी प्यायले नाहीत, आणि तोच दिवस ए.ए.चा स्थापनादिन. नवरे आत मीटिंगमध्ये असताना बायका बाहेर एकमेकींशी बोलत बसायच्या. अशा ठिकठिकाणच्या गटांना बिलच्या बायकोने, लोइसने, 1951 मध्ये मैत्रिणीच्या मदतीने एकत्र आणलं. तेच ॲल-ॲनॉन.

तिथे तीन वाक्यं पुन्हा पुन्हा कानावर पडतात: हे मी घडवलं नाही, हे माझ्या ताब्यात नाही, हे बरं करणं माझ्या हातात नाही. मंगल, ही तू रोज म्हण. बाटल्या शोधून मोरीत ओतणं, त्यांच्या साहेबांना फोन करून ‘ताप आलाय’ सांगणं, उधारी गुपचूप फेडणं, हे सगळं तू करतेस आणि झिजतेस. त्यांचं पिणं त्याने थांबलेलं नाही. ते मीटिंगला जायला तयार होईपर्यंत तू थांबायचं कारण नाही. तू आधी जा.

आपल्याकडे हे सगळं आहे. पुण्याला येरवड्यात मुक्तांगण आहे, अनिल आणि सुनंदा अवचटांनी 1986 मध्ये सुरू केलेलं. तिथे बायकांसाठी ‘सहचरी’ गट चालतो. ए.ए.च्या मराठीतून मीटिंगा होतात. ‘ओपन’ असेल तर तुलाही बसता येतं. ‘क्लोज्ड’ फक्त दारू सोडायची इच्छा असणाऱ्यांसाठी, आणि ती इच्छा एवढीच तिथली अट. सांगलीजवळ काय आहे ते मुक्तांगणला फोन करून विचार, किंवा 14446 लाव. ती सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन, पैसे पडत नाहीत. ओळखीचं कुणी भेटेल म्हणून बिचकू नकोस. जो भेटेल, तोही त्याच कारणासाठी आलेला असेल. फोनवर, झूमवरही मीटिंगा असतात, मुलं शाळेत गेल्यावर बसता येईल. पहिल्या खेपेला परकं वाटेल. निदान सहा मीटिंगा बसून मग ठरवा, असं इथे नव्या माणसाला सांगतात, तुलाही तेच सांगते.

आणि त्यांनी मारलं, मुलांच्या अंगावर गेले, तर मीटिंगची वाट बघू नकोस. मुलांना घेऊन सरळ आईकडे जा. आईशी मी रविवारी बोलते, तुला काही समजावत बसावं लागणार नाही. हे पत्र सुरेशरावांना दाखवायचं की नाही ते तू ठरव. दाखवलंस तर ह्यांचा नंबर त्यांना दे. हे रात्री-अपरात्री कधीही फोन उचलतील.

तुझी,
ताई