ट्रंकेतली पिवळी फाईल

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर माझ्या लहानपणच्या आजाराचा विषय काढला की आई रडते आणि बाबा, तुम्ही पावसापाण्याचं विचारता. म्हणून लिहितेय.

परवा हृदयरोगतज्ज्ञांकडे जाऊन आले. घाबरू नका, काही दुखत नाहीये. इको आणि ट्रेडमिल, दोन्ही चांगले आले. पण लहानपणी कावासाकी, तो मुलांच्या रक्तवाहिन्या सुजवणारा तापाचा आजार, झाला होता म्हटल्यावर त्यांनी पहिलंच विचारलं, "रक्तवाहिनी जास्तीत जास्त किती फुगली होती?" मला सांगता येईना.

हा आकडा महत्त्वाचा आहे. ज्या मुलांच्या हृदयाच्या वाहिन्या कधी फुगल्याच नाहीत, त्यांचं पुढे इतरांसारखंच चालतं. ज्यांचा फुगा ८ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा होतो, त्यांना गुठळीची आणि पुढे वाहिनी अरुंद होण्याची भीती असते. त्यांची रक्त पातळ ठेवणारी औषधं वर्षानुवर्षं चालतात. मी मधली. लहान फुगे बहुतेक वेळा वर्ष-दोन वर्षांत बसतात, तसा माझाही बसला. पण इकोत सरळ दिसणारी ती जागा आतून पहिल्यासारखी झालेली असेलच असं नाही. अस्तर जाड राहू शकतं, आणि धावताना, चढताना वाहिनी हवी तेवढी रुंदावत नाही. म्हणून आज काय दिसतं तेवढ्यावर डॉक्टरांचं भागत नाही. बाराव्या वर्षी "आता नॉर्मल आहे" ऐकून आपण तपासणी सोडली, ती सोडायला नको होती. आता मी सोडणार नाही.

आई, "गोवर समजून बसले, माझ्यामुळे उशीर झाला" हे तू २५ वर्षं म्हणतेयस. लाल डोळे, फुटलेले ओठ, अंगभर पुरळ, त्यात मार्च महिना. गोवरच वाटणार. पहिल्या डॉक्टरांनीही अँटिबायोटिकच दिलं होतं. पाचव्या दिवशी ताप हटेना तेव्हा मोठ्या दवाखान्यात न्यायचा हट्ट तूच धरलास. आठव्या दिवशी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे ते शिरेतून द्यायचं प्रतिपिंडांचं औषध, सुरू झालं, आणि ते दहा दिवसांच्या आत द्यायचं असतं. ते मिळालं नाही तर चारांतल्या एका मुलाच्या वाहिन्या फुगतात. वेळेत मिळालं तर विसांतल्या एखाद्याच्याच. ती एखादी मी निघाले. यात तुझा दोष कुठे आला?

आणि बाबा, किलोमागे २ ग्रॅम या हिशोबाने १२ किलोच्या पोरीला त्या महागड्या औषधाचे २४ ग्रॅम. आईच्या पाटल्या कुठे गेल्या ते मला आता कळतं. बर्फात ठेवलेल्या बाटल्या मांडीवर घेऊन तुम्ही रात्रीच्या एसटीने आला होतात, हे आत्याने सांगितलं. तुम्ही कधीच बोलला नाहीत.

स्थळं बघताना फाईल ट्रंकेत गेली, त्याचा मला राग नाही. मुलीच्या हृदयाचं काही आहे म्हटलं की लोक कसे वागतात, ते मी पाहिलंय. पण निखिलला मी लग्नाआधीच सगळं सांगितलं होतं. परवाची अपॉइंटमेंट त्यानेच घेतली.

पिवळी फाईल साड्यांच्या खाली आहे ना? इकोचे सगळे कागद, डिस्चार्ज कार्ड, अगदी औषधांच्या चिठ्ठ्यासुद्धा राहू द्या, काही काढू नका. कुरिअर नको. रविवारी आम्ही दोघं येतोय. आई, फाईल तूच काढून दे.

तुमची,
मनू